मधला पोशिंदा

तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक प्रश्न विचारतेच. मलेरियात माणूस कोण, मुख्य पोशिंदा की मधला? पोशिंदा म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या परजीवीला आपल्या अंगात पोसणारा. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाची मुलं असतात, रात्र रात्र जागून आलेली. तरी त्यातली बरीच जण न थांबता सांगतात, "मॅडम, मुख्य." त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. ताप माणसाला येतो, हुडहुडी माणसाला भरते, पानथरी माणसाची वाढते, जीव माणसाचा जातो. मग मुख्य दुसरं कोण असणार?

उत्तर आहे, डास. कुणाला किती त्रास होतो यावर मुख्य आणि मधला ठरत नाही. ज्याच्या शरीरात परजीवीचे नर-मादी एकत्र येतात तो मुख्य पोशिंदा. ज्याच्या शरीरात तो अर्धवट वाढतो, किंवा नर-मादीच्या भेटीशिवायच एकाचे हजार होतो, तो मधला. मलेरियाच्या परजीवीची ही भेट होते ॲनाफिलीस डासाच्या मादीच्या पोटात. आपल्या यकृतात आणि तांबड्या पेशींत तो नुसता संख्येनं वाढत राहतो. त्याच्या प्रवासात आपण मुक्कामाचं गाव, पोहोचायचं गाव दुसरंच.

विद्यार्थिनी असताना ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला होता. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना एक दिवसाआड तापानं फणफणायचा. दुपार कलली की त्याचे दात वाजायला लागायचे. आई घरातल्या सगळ्या वाकळा त्याच्यावर टाकायची आणि वरून स्वतः त्याला कवळून पडायची, तरी बाज हालत राहायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि पुस्तक सांगत होतं की या सगळ्यात तो मधला आहे.

राग निवळायला काही वर्षं गेली. शिकवायला लागल्यावर कळलं की ही व्याख्या परजीवीच्या बाजूनं लिहिलेली आहे, आणि ती तशीच लिहिलेली असायला हवी. चोर कुठून आला, कुठं थांबला, कुणीकडं निघाला हे शोधायचं तर काही वेळ त्याच्याच वाटेनं चालावं लागतं.

ही वाट ज्यानं पहिल्यांदा उजेडात आणली तो माणूस आपल्यापासून फार लांब नव्हता. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीची वाढती गाठ दिसली, ती सिकंदराबादला. तेव्हाचं सिकंदराबाद म्हणजे निजामाच्या राज्यातली इंग्रजी छावणी, आणि आमचा मराठवाडाही त्याच राज्यात. ज्याच्या रक्तावर ते डास पोसले गेले त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. चावलेल्या प्रत्येक डासामागं त्याला एक आणा मिळाला. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं. वर्गात मी रॉस यांच्याबरोबर हुसेन खानाचंही नाव घेते, फळ्यावर लिहिते. ज्याच्या रक्ताशिवाय तो दिवस उजाडला नसता त्याचं नाव मुलांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

मलेरिया कळला असं मुलांना वाटायला लागलं की मी हत्तीरोग पुढं ठेवते. आमच्याकडं नांदेड-लातूरच्या बाजूला हा रोग आहे. चावणारा इथंही डासच, क्युलेक्स जातीचा. पण इथं सगळं उलटं. हा रोग करणाऱ्या कृमीचे नर आणि मादी राहतात माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, तिथंच त्यांची वीण होते, आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात उतरतात. डास ती रक्ताबरोबर ओढून घेतो, त्याच्या अंगात ती मोठी होतात, पण एकाची दोन होत नाहीत. म्हणजे इथं माणूस मुख्य आणि डास मधला. एकाच पडवीत एकाच रात्री दोन जातींचे डास एका माणसाला चावतात, आणि तो माणूस एका रोगात मधला असतो, दुसऱ्यात मुख्य. ही पिल्लं रक्तात दिसतात तीही रात्रीच, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कारण क्युलेक्स रात्री चावतो. म्हणून हत्तीरोगाची रात्र चिकित्सालयं असतात. गाव झोपल्यावर दार ठोठावून बोटातून रक्ताचा थेंब मागणाऱ्या कर्मचाऱ्याला लोक बोल लावतात. त्याच्या हातातल्या त्या काचपट्टीमागं केवढं शहाणपण आहे हे कुणीतरी दारात उभं राहून समजावून सांगायला हवं.

आता शब्दाबद्दल. इंग्रजीतल्या 'होस्ट'ला मराठीत कुणी यजमान लिहितं, कुणी पोशिंदा. यजमान शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. यजमान पंगतीला बोलावतो, पाट मांडतो, आग्रह करून वाढतो. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका तर नवऱ्यालाच यजमान म्हणायच्या. जंतांना कुणी आवतण दिलेलं नसतं. पोशिंदा मात्र नेमका बसतो. आमच्याकडं शेतकऱ्याला जगाचा पोशिंदा म्हणतात. तो पोसतो, खाणाऱ्यानं विचारलेलं नसतं, त्याच्या ताटात काय उरलं हेही कुणी पाहिलेलं नसतं. योगायोग असा की पॅरासाइट हा मूळ ग्रीक शब्दही धान्यापाशीच जातो. 'सिटॉस' म्हणजे धान्य, अन्न, आणि 'पॅरा' म्हणजे शेजारी. दुसऱ्याच्या अन्नाशेजारी बसून जेवणारा तो पॅरासाइट.

आमच्या आबांना ग्रीक येत नव्हतं आणि मराठी चौथीच्या पुढचं येत नव्हतं, पण परजीवी म्हणजे काय हे त्यांनी मला माझ्या प्राध्यापकांच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. ज्वारीच्या रानात टारफुला उगवतो. वितभर उंचीचं, पांढऱ्या बारीक फुलांचं साधं हिरवं रोप. वरून बघितलं तर गवतासारखं निरुपद्रवी. आबांनी ते मुळासकट उकरून दाखवलं, तर त्याची मुळं ज्वारीच्या मुळात रुतलेली. "वरून हिरवं हाय, पर जेवतंय जवारीच्या ताटात," ते म्हणाले होते. टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं नुसतं पडून राहतं. जवळून योग्य पिकाचं मूळ गेलं, त्या मुळातून पाझरलेल्या द्रव्याची चाहूल लागली, की मगच ते रुजतं. पोशिंद्यावाचून ज्याचा जन्मच होत नाही अशा जिवाला आम्ही अनिवार्य परजीवी म्हणतो. बांधावरच्या आंब्यावरचं बांडगूळ वेगळं: पाणी झाडाचं पितं, पण पानं हिरवी असल्यानं अन्न थोडंफार स्वतः करतं. कुंपणावरची पिवळी अमरवेल सगळंच दुसऱ्याकडून घेते. अर्धा परजीवी आणि पूर्ण परजीवी, दोन्ही आबांच्या एकाच रानात होते.

आबांचा टारफुल्याबद्दलचा नियम एकच होता. फूल यायच्या आत उपटायचा. फूल आलं की बी आलं, आणि बी मातीत पडलं की पुढची कितीतरी वर्षं गेली. ते हे सांगायचे तेव्हा मला फक्त उन्हात वाकून दुखणारी कंबर कळायची.

आणि नारू.

आजीच्या डाव्या पायावर चार वण होते. दोन घोट्याच्या वर, एक पोटरीवर, एक पावलाच्या वरच्या बाजूला. चवलीएवढे, कडेनं काळपट, मधे गुळगुळीत. लहानपणी तिचे पाय चेपताना माझा अंगठा त्या वणांवरून फिरायचा. "चार निंगाले मपल्या पायातून," ती सांगायची. आधी जागा तापायची, मग फोड यायचा, आग आग व्हायची. फोड फुटला की त्यातून पांढरं सुतासारखं टोक बाहेर. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन बोटं, तीन बोटं ओढायचं. घाई केली, मधेच तुटलं, तर आतल्या आत पिकून पाय टरारून सुजायचा. वीतभर नव्हे, हातभराहून लांब किडा, मीटरभरसुद्धा भरायचा. निघायला आठवडे लागायचे. एक तर ऐन पेरणीच्या तोंडावर निघाला. त्या वर्षी आजी रानात गेली नाही आणि घरात ज्वारी कमी आली. पुढं मी वाचलं की आफ्रिकेतल्या माली देशातले डोगोन लोक नारूला रिकाम्या कणगीचा आजार म्हणतात. वाचता वाचता पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

नारूची वाट अशी. मादी पायाच्या कातडीपाशी येते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो. पाणी लागताच फोड फुटतो आणि मादी लाखोंनी अळ्या पाण्यात सोडते. त्या अळ्या पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा जीव खातो. हा झिंग्याच्या दूरच्या नात्यातला, मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा ठिपका. त्याच्या अंगात दोनेक आठवड्यांत अळी अशी तयार होते की ती आता माणसाला बाधू शकेल. या अवस्थेला आम्ही संसर्गक्षम अवस्था म्हणतो. ते पाणी माणूस पितो. सायक्लॉप्स जठरात मरतो, अळी मरत नाही. ती आतड्याची भिंत भेदून आत शिरते. तिथं नर-मादीची गाठ पडते, नर मरून जातो, मादी वर्षभर वाढते आणि हळूहळू पायाकडं उतरते. म्हणजे नारूचा मुख्य पोशिंदा माणूस आणि मधला पोशिंदा सायक्लॉप्स. हे वर्ष फार महत्त्वाचं. उन्हाळ्यात बारवेचं पाणी खाली गेलं, गढूळ झालं, तेव्हा प्यालेला नारू पुढच्या उन्हाळ्यात, पाणी पुन्हा खाली गेलेलं असताना बाहेर येतो. आज पाय का पेटला याचं कारण बारा महिन्यांपूर्वीच्या एका घोटात असतं. एवढ्या लांबचा संबंध कुणाला कसा जोडता येणार?

आमच्या गावची बारव सुंदर होती. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. आजी सांगायची, उन्हाळ्यात अगदी तळाच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवावी लागायची. ती पायरी हेच नारूचं घर होतं. आडाला कठडा असतो, पोहरा वरून सोडतात, पाय पाण्याला लागत नाही. बारवेत पाय लागतो.

एम.डी. करत असताना एका सुट्टीत मी आजीला ही सगळी वाट समजावून सांगितली. मला वाटलं होतं तिला नवल वाटेल. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि गप्प झाली. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागली. दुसरा नारू निघाला ते साल, त्याच्या पुढचं साल. "पुढच्या साली धाकल्या जावंला निंगाला व्हता," ती म्हणाली. "ती नवी नवरी. तिच्या माहेरी नारू नव्हता." बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "म्हंजी मपल्याच पायातून तिच्या पोटात गेला का गं माय?"

मी तिला सांगितलं की त्या बारवेत पन्नास जणांचे पाय होते, कुणाचा कुणाला गेला हे कुणीच सांगू शकत नाही. हे खरं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला ते पुरलेलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. सायक्लॉप्स हा मधला पोशिंदा आहे हे अलेक्सी फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानं मध्य आशियातल्या तुर्कस्तानात १८७० च्या सुमाराला दाखवून दिलं होतं. आजी त्या पायरीवर उभी होती ते पन्नासच्या दशकात. मधे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं गेली होती. सायक्लॉप्स अडवायला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. दुहेरी घडीचं कापड घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळलं की पुरतं. आजीच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं. उपाय तिच्या अंगावर होता आणि माहिती तिच्यापर्यंत आलेली नव्हती. या गोष्टीचं दुःख मला आजही होतं, आणि मी ही परिभाषा मराठीत, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा शब्दांत सांगत फिरते त्याचं कारण ही एक रात्र आहे.

पुढं हे ज्ञान आलं तेव्हा मात्र ते पक्कं आलं. १९८३-८४ मध्ये देशपातळीवर नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. नारूवर लस नाही, कृमी मारणारं खात्रीचं औषध नाही, आणि ते आजही नाही. सगळं काम साखळी तोडायचं. गावोगाव फिरून रुग्ण शोधायचा, जखमेला पट्टी करायची, त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. पाणी गाळायला कापड वाटायचं. सायक्लॉप्स मारायला पाण्यात टेमेफॉस टाकायचं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांना कठडे बांधायचे. आणि हापसे बसवायचे. हापशाच्या गोष्टीत आमच्या जालन्याचा वाटा आहे, तो मराठवाड्यातल्या पोरांनाही ठाऊक नसतो. एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनलेले बिडाचे हातपंप गावाच्या वापरानं भराभर मोडायचे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जालन्यातल्या मिशनच्या पाणीप्रकल्पात जास्त टिकाऊ पंप घडवला गेला, त्याला जालना पंप म्हणत. त्यातून सुधारत सोलापूर पंप झाला आणि सत्तरच्या दशकात त्याच वाटेनं इंडिया मार्क टू आला, जो पुढं जगभर पोहोचला. बहात्तरच्या दुष्काळानंतर बोअरवेल आणि हापसे गावोगाव आले आणि बायकांचे पाय पाण्यातून बाहेर निघाले.

देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता. अलीकडं वर्षाला माणसांतले रुग्ण १५ च्या आसपास आहेत. चाडमध्ये मात्र कुत्र्यांना नारू व्हायला लागला आहे. परजीवीला माणसाबाहेर सांभाळून ठेवणारा असा प्राणी म्हणजे साठ्याचा पोशिंदा. तो सापडला की निर्मूलनाचं काम अवघड होतं, कारण कुत्र्याला तळ्यात उतरू नकोस असं सांगता येत नाही.

पोशिंदा कोण आणि कुठल्या अवस्थेत परजीवी आत आला, हे दोन प्रश्न नीट सुटले नाहीत तर माणसं एकमेकांना दोष देत बसतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी झटका येऊन पडलेली. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ निघाली, पट्टकृमीच्या अळीची. निवासी डॉक्टरनं "डुकरात असतो तो जंत" एवढंच सांगितलं आणि मुलीची आई उठून उभी राहिली. घर माळकरी. अंडंसुद्धा न शिजणारं. "आमच्या घराला काय म्हणायलेत तुम्ही?" तिचा आवाज कापत होता. मी तिला खाली बसवलं आणि अर्धा तास घेतला.

हा कृमी माणसाच्या आतड्यात मोठा होतो, म्हणून माणूस मुख्य पोशिंदा. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती डुकरानं खाल्ली की डुकराच्या मांसात अळ्यांच्या गाठी होतात, म्हणून डुक्कर मधला. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, तर आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठ होत नाही. मेंदूत गाठ होते ती अंडी पोटात गेली तर. अंडी येतात दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून, मळीच्या पाण्यावर वाढलेल्या आणि नीट न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून. अशा वेळी कृमीच्या लेखी माणूस डुकराच्या जागी असतो, मधला पोशिंदा होतो. तिनं मांस खाल्लं की नाही याचा इथं काहीच संबंध नाही. त्या बाई रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. पोरगी औषधांनी सावरली, झटके थांबले.

मोबाइलवर फिरणारं ते पत्ताकोबीचं प्रकरणही असंच. पत्ताकोबीत किडा असतो, तो मेंदूत जातो, म्हणून कोबी सोडली असं सांगणारी शिकलेली माणसं मला भेटतात. कोबीवरची हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची, ती मेंदूत जात नाही. धोका आहे तो पानांच्या घडीत अडकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा, आणि तो कुठल्याही कच्च्या भाजीला आहे. कोबी सोडून उघड्यावरचं संडास तसंच ठेवलं तर काही साधत नाही.

परजीवी आत येतो त्या रूपात आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो त्या रूपात फरक असतो. आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून उघड्या तळपायाच्या कातडीतून शिरते; आम्हाला दिसतात शौचातली त्याची अंडी. कातडीतून शिरण्याची ही गोष्ट आर्थर लूस यांना १८९८ साली कैरोत अपघातानंच कळली, अळ्यांचं पाणी स्वतःच्या हातावर सांडलं आणि तिथं खाज सुटली म्हणून. खुरपणीला अनवाणी जाणाऱ्या, पांढऱ्याफटक पापण्यांच्या बाईला लोहाच्या गोळ्या देताना तिच्या पायांकडंही बघावं, हे मी मुलांना वारंवार सांगते. मोठ्या जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती अंडी मातीत काही आठवडे राहिल्याशिवाय बाधत नाहीत. म्हणजे जंत गूळ खाल्ल्यानं होत नाहीत, मातीतून येतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती पोराला तिथंच चावून खाऊ द्यावी, खिशात घालून घरी आणू देऊ नये.

धनगरांच्या वाड्यावरच्या लोकांना यकृतात पाण्याच्या गाठी होतात, त्यातही असाच पोशिंद्यांचा फेरा आहे. कुत्रा मुख्य, मेंढी मधली. मेंढी कापल्यावर टाकून दिलेलं काळीज कुत्रा खातो आणि फेरा पुरा होतो. माणूस यात चुकून सापडतो. माणसाचं यकृत कुणी कुत्रं खात नाही, म्हणून परजीवीची वाट माणसात येऊन संपते. पुस्तकात याला बंद गल्लीतला पोशिंदा म्हणतात. परजीवीची वाट संपते, माणसाची गाठ मात्र नारळाएवढी होते.

आजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली. मोडलं काही नाही, पण गुडघा सुजला म्हणून आमच्याच रुग्णालयात फोटो काढला. अस्थिरोगाचा निवासी डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी, हुशार पोरगा. फिल्म घेऊन तो माझ्या खोलीत आला. हाड ठीक होतं. पण पोटरीच्या मांसात एक पांढरी रेघ दिसत होती, वेटोळं घातलेली, मण्यांसारखी तुटक तुटक. त्यानं तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. "मॅडम, रक्तवाहिनीत चुना साठलाय का? पण वाहिनी अशी वळत नाही."

मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर यायची वाट न सापडलेली मादी शरीरातच मरते आणि तिच्यावर चुन्याचा थर चढत जातो. तो जन्मभर तसाच राहतो. हे मी वीस वर्षं शिकवत आले होते, वर्गात चित्र दाखवत आले होते. प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

आजी बाहेर चाकाच्या खुर्चीत बसली होती, पदर डोक्यावर. मी तिच्यापाशी खाली बसले आणि फिल्म तिच्यासमोर धरली.

"काय दिसायलंय गं?"

"नारू आहे, आजी. आतच राहिलेला."

तिनं डोळे बारीक करून त्या रेघेकडं पाहिलं. मग वाकून पोटरीवरून हात फिरवला, वणाच्या वर, जिथं काहीच खूण नव्हती तिथं.

"पाचवा व्हता म्हंजी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "ह्यो तरी कुनाच्या पोटात गेला न्हाई."